गाजरगवताची पाहणी

ग्रँट कशी मिळवायची ते मला विचारू नका. घालवायची कशी ते विचारा, त्यात माझी डॉक्टरेट हाय.

परभणीला विद्यापीठात होतो तेव्हा गाजरगवतावर संशोधन करायचं म्हणून दिल्लीला प्रस्ताव धाडला. दोन वर्षं मागं लागलो, तेव्हा कुठं पाहणीला कमिटी येणार म्हणून तार आली. झरीच्या पुढं एका गावाच्या गायरानात कमरेएवढं गाजरगवत माजलेलं. तेच दाखवायचं ठरवलं. आदल्या दिवशी सकाळी जाऊन सरपंचांना म्हणालो, "उद्या दिल्लीचे साहेब गायरान बघायला यायलेत. आपली इज्जत राहिली पाहिजे बरं का."

दुसऱ्या दिवशी आमची जीप गायरानात थांबली. रान एकदम लख्ख. वर पाण्याचा सडा, मधोमध खुर्च्या मांडलेल्या, हार तयार.

सरपंच हात जोडून म्हणाले, "सगळं गाव लावलं, सर. उपटून जाळलं बी. एक काडी ठिवली न्हाई."

कमिटीचे अध्यक्ष चौफेर बघून मला म्हणाले, "प्रोफेसर साहब, समस्या कहाँ है?"

माझ्या गळ्यात तेवढ्यात हार पडला. ग्रँट तिथंच गेली.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. आमच्या क्वार्टरच्या अंगणातलं गाजरगवत काढा म्हणून ती दोन महिने माझ्या कानीकपाळी ओरडत होती. ऐकून ती म्हणाली, "मग ती कमिटी एकदा आपल्याकडं बोलवा की!"