हंड्यावरच्या झाकणातली वीज

आमच्या शाळेत साधा बल्ब नव्हता, तरी मला बेकायदा वीज वापरल्याची नोटीस आली होती. हसू नका, ऐका.

ताडकळसच्या बाजूला मी विज्ञान शिकवायचो. तपासणीला साहेब आले. मी बायकोच्या हंड्यावरचं तांब्याचं झाकण खिळ्याच्या टोकावर तोललं अन् वर पीळ दिलेल्या सुतळीला लोहचुंबक टांगला. वाऱ्याचा आळ नको म्हणून मधे काच धरली. सुतळी सोडली, चुंबक गरगरला अन् झाकणबी त्याच्या मागं फिरायला लागलं.

साहेब म्हणाले, "तांब्याला तर चुंबक चिकटत न्हाई. मग हे कशानं फिरायलंय?"

"चुंबक फिरला की तांब्यात वीज उठते, साहेब. तीच झाकणाला फिरवते."

साहेबांनी छताकडं बघितलं. वायर न्हाई, काही न्हाई. गुपचूप वहीत लिहून घेतलं.

पंधरा दिवसांनी कागद आला : 'शाळेस वीजजोडणी नसताना वीज वापरल्याचे आढळले. खुलासा करावा.' माझी नोकरी अजून कायम व्हायची होती! मी घाबरून खरं तेच लिहिलं, 'वीज झाकणात तयार झाली.' लगेच हुकूम आला, 'सदर झाकण कार्यालयात जमा करावे.'

बायको म्हणाली, "माहेरचं हाय ते. साहेबाला म्हणावं, न्यायला सोता या."

तेच शब्द मी लिहून पाठवले.

अन् साहेब खरंच आले की हो घरी! बायको पाणी द्यायला हंड्याकडं वळली, तसे खुर्ची मागं सारत ओरडले, "वहिनी, थांबा! आधी ते झाकण लाकडानं बाजूला करा!"