गाडीचं तोंड गोड

आता हसू येतं, पण लॉकडाऊनमध्ये इथे परदेशात, वेंटवर्थव्हिलच्या घरासमोर आमची जुनी गाडी नुसती उभी होती आणि तिच्या काचेचं बटण चिकटून बसलं. ते उघडून इअरबडने पुसायला घेतलं, तर आत वाळलेला पेढा. पुण्याला आईला व्हिडिओ कॉल लावला.

"हा तू भरवलास?"

"मग? गाडी घेतलीस तेव्हा मी तिथेच होते ना. तोंड गोड नको करायला?"

"अगं, गाडीचं तोंड पुढे असतं."

"पुढे इंजिन असतं. उघडतं ते तोंड."

बटण दाबलं, काच अलगद खाली गेली. निलगिरीचा वास आत आला. फोन मी शेजारी, आई बसायची त्या सीटवर टेकवला. आम्ही कितीतरी वेळ आकाश बघत बसलो. एकही विमान नव्हतं.

"काच लावू नकोस," आई म्हणाली. "मी पुढचा पेढा भरवायला येईपर्यंत तिला आ करून बसू दे."