फिजिक्स लॅबचा काटा

चहा येईपर्यंत आमच्या गेट-टुगेदरचं ऐका. बॅचमधले बहुतेक जण आता रिटायर झालेत, म्हणून नाशिकला कॉलेजातच जमलो होतो. फिजिक्सचे सरही आले होते. जो तो उठून आपण कुठून रिटायर झालो ते सांगत होता. सायखेड्याचा विलास उठला आणि म्हणाला, "वजनमापे निरीक्षक होतो. आयुष्यभर दुकानदारांचे काटे तपासले, लय शिव्या खाल्ल्या."

सर हसले. "अरे, प्रॅक्टिकलला तर तुझंच वजन कायम चुकायचं!"

खरं होतं ते. आम्ही सगळे सुनंदाच्या जर्नलमधले आकडे उतरवायचो. विलास एकटाच लॅबच्या तराजूवर खरोखर वजन करायचा, आणि सर त्याच्या जर्नलवर लाल शाईने 'पुन्हा करा' लिहायचे. शेवटी प्रॅक्टिकलमध्ये नापास झाला बिचारा.

मला राहवेना. म्हटलं, "सर, आमची सगळ्यांची जर्नलं कॉपी होती. सुनंदाची."

सुनंदा म्हणाली, "आणि मी माझ्या ताईचं उतरवलं होतं, तिने तिच्या आधीच्या बॅचचं. तो तराजू तिच्या वेळेपासूनच बिघडलेला होता."

सर विलासला म्हणाले, "अरे, मग तू तेव्हाच बोलला का नाहीस?"

"बोललो होतो ना सर. तुम्ही म्हणालात, काटा बरोबर आहे, तुझंच काहीतरी चुकतंय." विलासने शांतपणे बशीत चहा ओतला. "पुढे नोकरीत ज्याचा ज्याचा काटा खोटा निघाला, तो प्रत्येक दुकानदार मला हेच सांगायचा."