शेजारचं टेबल

इंग्लंडमधल्या मोरकमला समुद्राकाठी बटाट्याच्या गरम चिप्सच्या रांगेत माझ्यापुढे एक आजोबा आणि एक आजी उभे होते.

"मिसेस एंटविसल, अकरा वर्षं आपण याच आठवड्यात त्याच गेस्ट हाऊसवर येतो."

"आणि मालकीणबाईंनी नेमून दिलेल्या शेजारशेजारच्या टेबलांवरून पावसाबद्दल बोलतो, मिस्टर ऑर्मरॉड."

"मी आज त्यांना सांगितलं, उद्यापासून न्याहारीला आमचं एकच टेबल मांडा."

"मला न विचारता?"

"चुकलंच माझं. परत जाऊन नको म्हणून सांगतो."

"अहो, थांबा! काय म्हणाल्या त्या?"

"म्हणाल्या, सगळं गेस्ट हाऊस पाच वर्षं याचीच वाट बघतंय."

"बघा! आणि तुम्हाला सुचायला अकरा लागली. खिडकीकडची खुर्ची मात्र माझी. आणि आता चिप्सचा एकच मोठा पुडा घ्या. व्हिनेगर बेतानं, मला ठसका लागतो."