घरचं गर्भरेशमी

नाई नाई, इहीनबाई, साडी वाईट हाय असं मी कुठं म्हनलं — चांगली हाय, भारी हाय, वाशीमवरून आनली तं चांगलीच आसन — पन बोलनी झाली तवा मी काय सांगतलं होतं? हरीओमची माय मनून मले तुमच्या घरून मानाचं लुगडं येईन, ते गर्भरेशमी येईन. व्हय का नाई? तुमच्या इंझोरीच्या सगळ्या मानसायनं माना हालवल्या. आता तुमी हे घेऊन आल्या आन् म्हनता सिल्क हाय. सिल्क तं आता सगयंच हाय. सॉफ्ट सिल्क, आर्ट सिल्क, सेमी पैठनी — अर्धी पैठनी मंजे काय वो, बाकीची अर्धी कोन नेसून राह्यलं? मी सोता युनूसभाईच्या दुकानात गेली होती, म्हनलं गर्भरेशमी दाखव. तो बिचारा डोकं खाजवत म्हने, काकू, हा शब्द आमच्या दादाच्या तोंडी होता, आता कोनी मागत नाई. मी मागतली ना, म्हनलं. तं त्यानं चहा सांगतला.

तुमाले बी ठाऊक नाई ना, मंजे काय ते? लाजू नका, आमच्या किन्हीराजात बी कोनालेच ठाऊक नाई. गर्भसुती मंजे काठ रेशमाचे, पोट सुताचं. आन् गर्भरेशमी मंजे काठ बी रेशमाचे, पोट बी रेशमाचं. जुन्या जमान्यात फॅशनच होती तशी — पाटलीन गर्भरेशमी नेसून देवळात आली का बाकीच्या बाया आपले पदर आवरून बसत. हे मले कोनं सांगतलं? माह्या सासूनं, कस्तुराबाईनं. माह्यं लगन झालं, तिनं पेटी उघडली, मलमलीत बांधलेलं एक गाठोडं माह्या हातात ठेवलं, म्हने, ललिता, हे घरचं गर्भरेशमी. नेसाचं नाई, धुवाचं नाई, घडी मोडाची नाई, दसऱ्याले हयदकुकू लावाचं आन् पेटी बंद. मी म्हनलं, नेसाचं नाई तं कायले? म्हने, नाव घ्याले. आन् खरं सांगू, नावच लय कामाचं निंगालं. आमचे रामराव सरपंचकीले उभे राह्यले तं भाषनात म्हनले, आमचं घरानं गर्भरेशमी हाय — आले निवडून. बैल इकाले काढला तं म्हनले, बैल गर्भरेशमी हाय — इकल्या गेला. जावेसंग भांडन झालं तवा मी तिले म्हनलं, तू तं गर्भसुती. दिवाळीपर्यंत बोलली नाई माह्यासंग. अर्थ ठाऊक नाई तिले, तरी बोलली नाई.

ननंद हाय ना माह्यी, कमलीबाई, अकोल्याले — माह्या लगनाच्या वर्षभर आंधी गेली ते सासरी — तिच्याजवय बी एक जांभयं लुगडं हाय, मायनं देल्लं. हरेक लग्नात तेच नेसून येते, किती डाव धुतलं पन चमक काई जात नाई त्याची. लोकं हात लावून पाहतात. मी म्हनलं, पाहू द्या, लेकीले देल्लं साधंसुधं, खरं तं सुनेलेच ठेवलं.

आता तुमच्या साडीच्या दशीचा धागा जाळला ना मी, तुमच्या समोरच? केस जळल्यावानी वास आला, बोटात राख झाली. मंजे रेशीम हाय, मी खोटं कायले बोलू. नायलॉन आसतं तं वितळून टनक गोयी झाली आसती. पोटातला धागा बी जाळा म्हनसान, तं तो बी तसाच जळन. पन त्यानं काई गर्भरेशमी होत नाई, इहीनबाई. त्याले घरानं लागते. तवा साखरपुड्याची तारीख निंगनार नाई. हरीओम रुसून गोठ्यात जाऊन बसला हाय फोन घेऊन, बसू द्या. तुमची वैभवी पोरगी चांगली हाय, पन घरचा मान मंजे मान.

काय म्हनता? पाहाचं हाय? बरं. तसं कोनाले दाखवत नाई, पन तुमाले कयलं पाह्यजे का मांगनं कायले मंतात. थांबा... हे पा. हात लावा, लावा. कडक हाय जराक, जुनं हाय ना. काय? धागा? घ्या की. आमाले कायचं भेव. दशीतलाच घ्या, हे घ्या काडीपेटी. आता पा वास कसा येते —

येऊन राह्यला का तुमाले? मले बी नाई. पडसं झालं आसन मले. हे बोटाले काय चिकटलं... थांबा, तो धागा वरून कुठून आला आसन. पोटातला काढा. लावा काडी.

हं. याची बी गोयीच झाली.

मनून नेसाचं नाई. मनून धुवाचं नाई. आन् कमलीबाई खरं नेसून मिरवून राह्यली तीस वर्सं माह्या डोयासमोर, आन् मी तिचा पदर सारखा करून देत राह्यली.

इहीनबाई, ते काडीपेटी इकडं द्या. आन् गोयी बी द्या, खाली नका टाकू. तारीख तुमी म्हनान ते काढू. तुमची साडी लय चांगली हाय, मी नेसीन, साखरपुड्यालेच नेसीन. आन् हे — हे बांधलं मी मलमलीत जसंच्या तसं — हे वैभवीले देईन, लगन झाल्यावर, पेटी उघडून. असं काय पाहून राह्यल्या माह्याकडं? तुमच्या पोरीले याच घरात नांदाचं हाय ना? मंग. तिले आतापासूनच सांगून ठेवा, घरचं गर्भरेशमी हाय, घडी मोडाची नाई. आन् काहून मोडाची नाई असं तिनं इचारलंच, तं सांगा, नाव घ्याले.

उठा आता, एसटी चुकन तुमची.