रकाना नंबर सात

…नाही, मी म्हणते, चौतीस वर्षं लोकांच्या हजेऱ्या घेतल्या म्हणून काय स्वतःच्या पोरीच्या मागे डायरी घेऊन फिरायचं? तेही रजा टाकून? तुम्हाला सांगते, आमच्या ह्यांचं डोकं ना, एकदा फिरलं की फिरलं! हे म्हणजे कारखान्यात हजेरी कारकून. गेटापाशी खिडकी, खिडकीत हे, समोर मस्टर, वर घड्याळ. कोण किती वाजता आत, कोण बाहेर, कुणाचा खाडा, कुणाची अर्धी रजा… माझा सख्खा भाऊ तीन मिनिटं उशिरा आला, तर त्याच्या नावापुढे लाल शाईने 'उशीर' लिहिलं ह्यांनी! तीन मिनिटं! भाऊ अजून माझ्याशी धड बोलत नाही, जसं काही ते मस्टर मीच लिहीत होते!

आणि अशा माणसाच्या घरात पोरगी कशी निघाली? भूगोलाची पदवी, पहिला वर्ग, कॉलेज सुटून वर्ष झालं, पण नोकरी नाही. बरं, घरात बसते म्हणावं तर तसंही नाही हो! बसली असती तर निदान सांगता तरी आलं असतं, की बसलीये. सकाळी जाते, दुपारी येते, दोन घास खाते न खाते तोच पुन्हा जाते. 'कुठे गं?' तर म्हणे, 'लायब्ररी, मग क्लास, मग मांजर.' मांजर? मांजर काय? हे पार गोंधळलेले. हातातला घास तसाच धरून मला विचारायचे, 'अगं, पण ती नक्की करते काय?' मला काय ठाऊक! मला विचारून जातं का कुणी ह्या घरात?

त्यात हे निवृत्त होणार पंधरा दिवसांत. कारखान्याचा नियम असा, की निवृत्त होणाऱ्याच्या एका मुलाला नाहीतर मुलीला कामावर घेतात. पण अर्ज त्या शुक्रवारी पाचच्या आत पोचला पाहिजे. पाच वाजले की हक्क गेला तो गेलाच. आणि अर्जावर पोरीची सही हवी. महिनाभर हे अर्ज घेऊन तिच्या मागे, आणि ती 'बघू हं बाबा' म्हणत चपला घालतेय! वरून नुसते चिडायचे, पण आतून घाबरले होते हो. एकदा मला म्हणाले, 'आपण आहोत तोवर ठीक गं, आपल्यानंतर काय? एक खुर्ची तरी हक्काची नको पोरीला?' मलाही तीच काळजी. म्हटलं, जा, जिथे सापडेल तिथे सही घ्या.

तर त्या शुक्रवारी रजा टाकून स्वारी नऊला लायब्ररीत. ही तिथे परत आलेली पुस्तकं जागेवर लावते, सकाळपुरती. हे दारातूनच, 'अगं, सही!' लगेच ग्रंथपालबाई, 'शूऽऽऽ! आजोबा, हळू!' आजोबा! अठ्ठावन्नाव्या वर्षी! पोरगी म्हणाली, 'पाचच मिनिटं बाबा, एवढं जरा धरता का?' आणि हनुवटीपर्यंत पुस्तकं रचली ह्यांच्या हातात. त्या पाच मिनिटांचे झाले शंभर! हात मोकळे झाल्यावर ह्यांनी काय केलं असेल? खिशातून डायरी काढली आणि लिहिलं: आत नऊ, बाहेर दहा चाळीस. सवय हो, दुसरं काय!

तिथून अकराला क्लास. म्हाताऱ्या माणसांना मोबाइल शिकवते, फुकट. हे सांगायला गेले, 'मी तिचा वडील…' तर एका काठीवाल्या आजींनी दंडाला धरून खाली बसवलं, 'लाजू नका, पहिल्या दिवशी सगळ्यांचं असंच होतं!' दीड तास शिकले. मला फोटो पाठवला, पहिलावहिला. नुसता अंगठा! मला वाटलं, मेलं कुठे हात अडकवून बसलेत!

मग ते मांजर. कुणीतरी कुटुंब गावाला गेलंय, त्यांच्या घरी चौथ्या मजल्यावर जाऊन कुंड्यांना पाणी घालायचं आणि मांजरीला खायला द्यायचं. लिफ्ट बंद. हे धापा टाकत वर गेले, अर्ज टेबलावर ठेवला, पेनाचं टोपण काढलं… आणि मांजर अर्जावर! उठेचना! हलवायला गेले तर गुरगुरली. चौतीस वर्षं युनियनच्या माणसांना न घाबरलेला माणूस, पण मांजरीपुढे गप उभा! डायरीत लिहिलं: एक ते दोन, कुंड्या व इतर. तिथून मला फोन, 'अगं, तीन ठिकाणं झाली, पण ती नक्की करते काय?' मी म्हटलं, तुम्ही तिथे उभे, मी इथे स्वयंपाकघरात, आणि विचारता कुणाला?

पुढे रस्ता! चाकाच्या खुर्चीवरून फिरणाऱ्या लोकांसाठी नकाशा करतात म्हणे ही पोरं. कुठला फुटपाथ किती उंच, कुठे उतार, कुठे खड्डा. पोरीने टेपचं एक टोक ह्यांच्या हातात दिलं. झालं! आमच्या माणसाला आकडे मिळाले! 'अठरा सेंटिमीटर! नीट धर, वाकडी धरलीस! परत मोज!' भर रस्त्यात उकिडवे बसलेले, शर्ट मागून वर आलेला, माझी मैत्रीण स्कूटरवरून जाताना बघून गेली. अर्ज? तो गेला विसरून! घड्याळ बघितलं तेव्हा चार वाजून पंचवीस!

मग मात्र रडवेले झाले. 'अगं, पाचला हक्क जातो गं!' ती टेप खाली ठेवून म्हणाली, 'मी टाळत होते बाबा. मला अजून काही कळतच नाहीये, मी कुठल्या एका जागी बसेन ते. पण तुम्हाला एवढी काळजी आहे, तर आणा.' आणि भिंतीला कागद लावून सही केली.

रिक्षा करून पाचला सात कमी असताना साहेबांच्या टेबलापाशी. साहेब म्हणाले, 'रकाना नंबर सात राहिलाय.' काय होता? 'अर्जदार सध्या काय करतो.' एवढंच! तिथे 'काही नाही' लिहायचं, की काम फत्ते! अहो, वर्षभर गावभर तेच तर सांगत फिरत होते, माझी मुलगी काही करत नाही म्हणून! पण पेन कागदावर टेकवलं, आणि हात हलेना. चौतीस वर्षांत एक खोटी नोंद नाही, आणि खिशात डायरी, स्वतःच्या डोळ्यांनी पाहून लिहिलेली! मग सुटले. नऊ ते दहा चाळीस ग्रंथालय, अकरा ते साडेबारा वर्ग, कुंड्या, मांजर, अमुक रस्ता, डावी बाजू… रकाना भरला, समास भरला, कागद उलटून मागची बाजू भरली!

साहेबांनी चष्मा वर केला. 'अहो, ही सवलत रिकाम्या बसलेल्या मुलांसाठी आहे. तुमच्या मुलीची हजेरी तर माझ्यापेक्षा जास्त भरतेय!' आणि मारला शिक्का, 'अपात्र', अन् कागद ह्यांच्याच हातात परत. तेवढ्यात पाचचा भोंगा झाला.

घरी आले. मी बोलायचं ते सगळं बोलले, म्हटलं दोन शब्द लिहायला काय झालं होतं, दोन शब्द! पोरगी हसत सुटली, मग एकदम रडायलाच लागली. मी तो अर्ज फाडायला घेतला, तर हे ओरडले, 'खबरदार! तिच्या डिग्रीवर नुसता बैठक क्रमांक आहे. तिला काय काय येतं ते ह्याच्यावर लिहिलंय!' मग काय, लावला फाइलीत. डिग्रीच्याही वर. आता घरात कुणी पाहुणा आला, की हे चष्मा लावून अर्ज वाचायला बसतात, शिक्क्यासकट. पाहुणा बिचारा उठायला लागला, की ह्याचा हात धरतात, 'बसा हो, पाठपोट आहे!'

मला चहा दोनदा टाकावा लागतो.