पाटी आणि दवाखाना

हॅलो? … हो, घाटरस्त्याच्या छावणीतूनच. … अगं गोजरा, मीच, रत्ना. … हो, हो, पटकीच. डॉक्टर अजून आलेले नाहीत. मी एकटीच नर्स.

ऐक ना, औषधांचं सांगते. आधी पाटीचं ऐक. … पाटी गं, दवाखान्याच्या फाटकावरची. गद्रे हेडक्लार्कांनी रंगवून घेतली. 'धनगर म्हणजे पटकी. दिसताच हाकलावे.' … हसू नकोस. खाली 'हुकमावरून' असंही आहे.

छे गं, पहिला आजारी पडला तो इंजिनियर साहेबांचा आचारी. तुमच्या पुण्याहून आलेला. … विचारलं ना मी. गद्रे म्हणाले, "बाई, पुण्याचे लोक आजारी पडतात. धनगर रोग आणतात."

आणि काल बिरू धनगर बायकोला घोंगडीत घालून घेऊन आला. … बायजा. मला दूध घालते ती. त्याला वाचता येत नाही, म्हणून शिपायानं पाटी वाचून दाखवली. … मोठ्यानं, हो. बिरू म्हणाला, "वाचलंसा न्हवं? आता बाईंना बोलवा." शिपाई म्हणे, हुकूम हाय. वळला बिचारा माघारी.

… मग काय, धावले मागं. तर बायजा मलाच सांगते, "बाई, तुमची नोकरी जाईल. आमी जातो." आवाज पार बसलेला, डोळे आत गेलेले.

… नाही, भांडले नाही. साहेबांच्या सहीशिवाय पाटी निघणार नाही, गद्रे म्हणाले, आणि साहेब महाबळेश्वरला. मग पाटी राहू दिली. दवाखानाच हलवला. … अगं खरंच. खाटा, बादल्या, सलाइनच्या बाटल्या, सगळं फाटकाबाहेर आंब्याखाली. बिरूच उचलू लागला. आत आता एक टेबल आहे. शिपाई त्याची राखण करतो.

बायजा वाचली ना. सकाळी पेज मागितली.

… हो, तेच सांगतेय. बाटल्या संपत आल्यात, आणि आज गद्रेच… हो, त्यांनाच. पहाटेपासून. आधी आत गेले. आत कोण असणार? आले मग बाहेर, भिंत धरत. खाट मोकळी एकच, बायजाच्या शेजारची. म्हणाले, मध्ये पडदा लावा. … कुठला पडदा? चादर एकच उरलेली, तीही त्यांच्याच अंगावर घातली.

… बायजा? मघाशी म्हणाली, "बाई, ह्यांना आदी बगा. लई कण्हत्यात." … टोमणा नव्हता गं. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं.

तुमच्या इस्पितळातून बाटल्या पाठव, आजच्या लॉरीनं. आणि नळ्याही… थांब, गद्रे हाक मारतायत. इथून कचेरीच्या खिडकीतून दिसतंय. पाणी मागतायत. … अगं, बायजानं तिचा तांब्या पुढं केलाय. … नाही, अजून नाही. नुसतं बघतायत तांब्याकडं. …

घेतला. दोन्ही हातांनी. … ठेवते गं, जाते मी.